शुश्रूषा केंद्र निवडताना या चुका टाळा

घरच्या आजारी किंवा वृद्ध माणसाला रुग्णालयातून सोडायची तारीख कळली की त्याला ठेवून देखभाल करणाऱ्या केंद्राची शोधाशोध सुरू होते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दोन दिवसांत जागा हवी असली की जिथे खाट रिकामी, ते केंद्र चांगलं वाटायला लागतं. घाई अटळ असेल तर आधी महिन्याभरासाठी ठेवून बघा. कायमच्या करारावर लगेच सही नको.

आधी इमारत बघणं, मग माणसाचा विचार

जाण्याआधी कागदावर लिहून काढा: स्वतः उठून बसता येतं का, गिळायला त्रास होतो का, लघवीची नळी आहे का, रात्री उठून बाहेर जायला निघतात का? स्मृतिभ्रंश झालेल्या पण चालत्याफिरत्या माणसासाठी दारावर लक्ष ठेवणारं कोणीतरी हवं. डोकं शाबूत पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून देणारे हात हवेत. एकच केंद्र दोघांनाही चालेलच असं नाही.

दिवसाढवळ्या एकदा चक्कर मारणं

ही मला सगळ्यांत महागात पडणारी चूक वाटते. 'तुमच्याकडे कर्मचारी किती?' असं विचारू नका, उत्तर भारदस्तच मिळतं. 'रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात?' असं विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. असे वीस रुग्ण असतील आणि कूस बदलून, ओलं बघून, पुसून प्रत्येकी दहा मिनिटं धरली, तर एका फेरीला दोनशे मिनिटं लागतात. हातात असतात एकशेवीस. म्हणजे एकट्या माणसाला ते जमणारच नाही, मग तो कितीही मायाळू असो. प्रशिक्षित नर्स रात्री प्रत्यक्ष हजर असते की फोनवर, हेही विचारून घ्या.

दुसरी भेट न कळवता, जेवणाच्या वेळी द्या. भरवणारी व्यक्ती शेजारी बसून भरवते की उभ्याउभ्या? रुग्णाला नीट बसवलंय का? पहिला घास गिळायच्या आत दुसरा पुढे येत असेल, किंवा जेवल्याबरोबर आडवं केलं जात असेल, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.

शांततेला शिस्त समजणं

सकाळी अकरा वाजता सगळेच पेंगत असतील तर झोपेची किंवा मन शांत करणारी औषधं कोणाच्या सांगण्यावरून देता, हे विचारा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना अँटिसायकोटिक (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारांवरची) औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्येच दिला होता. थोडा गोंगाट असलेलं केंद्र मला जास्त भरवशाचं वाटतं.

नुसता महिन्याचा आकडा ताडून बघणं

डायपर, औषधं, फिजिओथेरपी त्यात धरली आहे का? तब्येत खालावली तर दर वाढतो का? मधेच रुग्णालयात न्यावं लागलं तर खाट राखून ठेवण्याचे पैसे लागतात का? सगळ्या केंद्रांना हेच प्रश्न विचारा, उत्तरं लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर तेही लिहून ठेवा.

दाखल केल्यावर निर्धास्त होणं

भेटायला गेलात की पांघरूण बाजूला करून टाचा आणि माकडहाडाची जागा बघा. लालसर डागावर बोट दाबून सोडा: लाली क्षणभरही फिकी पडली नाही, तर दाबामुळे होणारी जखम सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे रंगातला फरक, ऊब किंवा टणकपणा तपासा. वजनाची नोंद दर महिन्याला मागा. साठ किलोच्या माणसाचं महिन्यात तीन किलो घटलं तर 'वयच झालं आता' हे उत्तर ऐकून घेऊ नका. आणि कालपर्यंत नीट बोलणारा माणूस एकाएकी बरळायला लागला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवायला सांगा. अनेकदा त्यामागे लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नुकतंच बदललेलं औषध असतं.