डोंगरातल्या तळ्यात उतरायचं तर उजाडताच

डोंगरातल्या सरोवरात मी पहिल्यांदा पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, घेऊन उतरले तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. पाणी इतकं निश्चल की समोरचं शिखर त्यात उलटं दिसत होतं. वीस मिनिटांत पलीकडच्या काठाला पोचले. परत फिरले तर वारा थेट तोंडावर. उभी राहिले की माझंच शीड व्हायचं. गुडघ्यांवर बसून पाहिलं, शेवटी पालथी पडून हातांनी पाणी मारत आले. दीड तास लागला. तेव्हापासून मी आधी गजर लावते, होडीचं नंतर बघते.

शाळेत भूगोलात शिकलेले दरीय वारे ते हेच. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, त्यांच्यालगतची हवा वर जाते आणि खालची दरीतून वर धावत येते. रात्री याच्या उलट. इटलीतल्या गार्डा सरोवरावर तर या वाऱ्यांना नावंच आहेत: पहाटेपासून उत्तरेकडून येणारा ‘पेलेर’ आणि दुपारी दक्षिणेकडून येणारा ‘ओरा’. म्हणून उजाडताच पाण्यात आणि अकराच्या आत काठावर, हा माझा नेम. उन्हाळ्यात दुपारी डोंगरावर गडगडाटी ढगही चटकन जमतात. पहिला गडगडाट ऐकू आला की फोटोचा मोह सोडायचा आणि बाहेर यायचं.

थोडा वारा असेलच, तर जाताना त्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी असेल. आणि काठ धरून चला. मधून आडवं कापून जाण्यात काही मजा नाही. खडक, ओढ्यांची मुखं, पाण्यात पडलेली झाडं, बघण्यासारखं सगळं काठालाच असतं. हिमनदीचं पाणी येतं तिथे रंग दुधाळ निळा-हिरवा दिसतो. हिमनदीने खडक दळून केलेलं ते पीठ. पाण्यात तरंगतं आणि प्रकाश विखुरतं. दिसायला सुंदर, पण पाणी कुठून येतंय ते ओळखा.

कारण खरा धोका गारठ्याचा. बाहेर 25 अंश असलं तरी पाणी 10 अंशांच्या खाली असू शकतं, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने खेचतं. थंड पाण्यात पडल्याबरोबर आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यानेही माणूस बुडतो. अतिथंड पाण्यासाठी 1-10-1 लक्षात ठेवा: 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, हात-पाय कामाचे राहतात ती 10 मिनिटं, शुद्ध टिकते तो साधारण 1 तास. कपडे हवा बघून नाही, पाणी बघून घाला. गार पाण्यात वेटसूट, म्हणजे ऊब राखणारा रबरी पोशाख, हवाच. आणि लाइफ जॅकेट अंगात. बोर्डावर बांधून ठेवलेलं जॅकेट म्हणजे नुसतं ओझं.

आता होडी. कयाकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीत, माणूस पाण्यालगत बसतो, वारा कमी लागतो; लांब जायचं तर मी तीच घेते. आत बसायची कयाक असेल तर ती उलटल्यावर बाहेर कसं पडायचं याची उथळ पाण्यात, कुणीतरी शेजारी उभं असताना, आधी सवय करा. कनू, म्हणजे एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची उघडी होडी, दोघांना आणि सामानाला उत्तम, पण तिच्या उंच बाजू वारा धरतात. एकटे असाल तर मागच्या टोकाला बसू नका, नाहीतर पुढचं टोक उचललं जातं आणि वारा तुम्हाला गोल फिरवतो. मधोमध गुडघे टेकून बसा.

पॅडलबोर्ड फक्त शांत पाण्यासाठी, पण तळ बघायला त्याच्यासारखं काही नाही. वल्ह्याचं पातं दांड्याशी किंचित वाकलेलं असतं. तो वाक पुढच्या बाजूला हवा. बहुतेक नवखे उलटं धरतात, मीही धरलं होतं. लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, घोट्याला बांधाच. पडल्यावर वारा बोर्ड घेऊन जातो आणि तो पोहून गाठता येत नाही. परत चढायचं तर मधल्या मुठीला हात घाला, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारा आणि पोटावर सरकत वर या. नुसत्या हातांच्या जोरावर ओढून चढू पाहाल तर बोर्ड अंगावर उलटेल.

हवेचा बोर्ड उन्हात काठावर टाकून जेवायला बसू नका. आतली हवा तापून दाब वाढतो आणि शिवण सुटू शकते. सावलीत ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा.

दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी सगळं धुवा, निथळवा, खडखडीत वाळवा. एका पाण्यातले शिंपले आणि पाणवनस्पती दुसरीकडे अशाच पसरतात. बोर्डाची गुंडाळी करण्याआधी फिनची, म्हणजे बोर्डाखालच्या पात्याची, खाच बोटाने चाचपून बघा. शेवाळाचा एखादा धागा तिथे हमखास अडकलेला असतो.