नॅफियॉन मेम्ब्रेनमधलं पाणी आणि प्रोटॉन: सिम्युलेशन कसं लावायचं

फ्युएल सेलच्या मेम्ब्रेनचं मॉलेक्युलर डायनॅमिक्स (अणूंची हालचाल संगणकावर पावलापावलाने मोजणं) फसतं ते बहुतेक वेळा खोका, म्हणजे सिम्युलेशनची पेटी, रेणूंनी भरतानाच. डिफ्यूजनचा (रेणू किती वेगाने पसरतात त्याचा) आकडा विचित्र आला की मग कळतं. म्हणून आधी हिशेब.

नॅफियॉन हा या मेम्ब्रेनचा पॉलिमर. नॅफियॉन ११७ चं इक्विव्हॅलंट वेट ११००, म्हणजे एक मोल सल्फॉनिक गटामागे ११०० ग्रॅम पॉलिमर. मॉडेलमध्ये दोन साइड चेनच्या (टोकाला सल्फॉनिक गट असलेल्या फांद्यांच्या) मध्ये ७ टेट्राफ्लुओरोइथिलीन युनिट ठेवली की ११४४ येतं, एवढं चालतं. साखळीला १० साइड चेन, अशा ४० साखळ्या, म्हणजे ४०० सल्फोनेट (प्रोटॉन सुटलेले सल्फॉनिक गट).

लॅम्डा, म्हणजे दर सल्फोनेटमागचे पाण्याचे रेणू, १४ ठेवू. ३० अंश सेल्सियसला संपृक्त वाफेत साधारण तेवढाच असतो. हायड्रोनियम म्हणजे प्रोटॉन चिकटलेला पाण्याचा रेणू, तोही यात मोजायचा. मग ४०० हायड्रोनियम आणि ५२०० पाणी. इथे हमखास घोळ होतो: ४०० हायड्रोनियम घालून वर पुन्हा पूर्ण ५६०० पाणी टाकलं, तर लॅम्डा १५ होतो. एकूण अणू साधारण ४४,५००, आणि घनता १.७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरली तर बाजू ८.२ नॅनोमीटर. खोका याहून लहान करू नका. पाण्याच्या गुठळ्यांमधलं अंतरच ३ ते ५ नॅनोमीटर असतं.

पाण्याला एसपीसी/ई मॉडेल घ्या. टीआयपी३पी या दुसऱ्या मॉडेलचं पाणी खऱ्यापेक्षा दुपटीहून वेगाने पळतं, मग मेम्ब्रेनमधला आकडाही फुगतो. साखळीवर एकूण भार उणे १० आहे ना, तेवढं तपासा.

पॅकमोल या रेणू भरणाऱ्या प्रोग्रॅमने सगळं ऐसपैस खोक्यात, ०.२ च्या आसपास घनतेला भरा. थेट १.७ ला भरलं तर साखळ्या एकमेकींत अडकतात आणि पुढे सुटत नाहीत. ऊर्जा कमी करून घ्या, ३०० केल्विनला एनपीटीमध्ये (दाब आणि तापमान स्थिर) हळूहळू दाबा, मग ३०० ते ६०० केल्विन अशी चार-पाच आवर्तनं. तापवतानाचा टप्पा एनव्हीटीमध्येच (आकारमान आणि तापमान स्थिर) चालवा. एक बारच्या एनपीटीत ६०० केल्विनला पाण्याची वाफ होते नि खोका फुगतो. शेवटी ३०० ला १० नॅनोसेकंद एनपीटी. घनता सरकत असेल तर अजून चालवा.

प्रॉडक्शन रन एनव्हीटीत, निदान ५० नॅनोसेकंद, नोझे-हूव्हर थर्मोस्टॅटवर (तापमान राखणारी पद्धत). लँजेव्हिन थर्मोस्टॅटचं घर्षण डिफ्यूजनच दाबून टाकतं. एमएसडी, म्हणजे रेणूंच्या सरकण्याच्या वर्गाची सरासरी, काढण्याआधी ट्रॅजेक्टरी अनरॅप करा (खोक्याच्या कडेवरून पलीकडे गेलेले रेणू सलग जोडा). आलेख लॉग-लॉग काढा आणि उतार १ असलेल्या भागालाच रेष लावा. सुरुवातीचा सबडिफ्यूसिव्ह (उतार १ पेक्षा कमी असलेला) भाग घेतला की उत्तर चुकलंच. लॅम्डा ३ आणि ७ चेही रन करा. ३ ला पाण्याचा वेग कित्येक पट पडला नाही, तर रचनेतच गडबड आहे.

प्रोटॉनच्या बाबतीत मात्र या पद्धतीला मर्यादा आहे. समजा हायड्रोनियमचा डिफ्यूजन गुणांक ०.३ गुणिले १०⁻⁵ चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद आला. नेर्न्स्ट-आइन्स्टाइन समीकरणाने वाहकता निघते साधारण ०.०१४ सीमेन्स प्रति सेंटीमीटर. प्रयोगात याच लॅम्डाला ०.०७ च्या आसपास मिळते. हा पाचपट फरक भार किंवा चार्ज स्केलिंग चाळवून भरू नका. क्लासिकल फोर्स फील्डमध्ये (अणूंमधले बंध ठरलेलेच असणाऱ्या मॉडेलमध्ये) हायड्रोनियम अख्खाच सरकतो, प्रोटॉन एका पाण्यावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही. ही उडी, म्हणजे ग्रोथस उडी, हवी असेल तर बंध तुटू-जुळू देणाऱ्या एमएस-ईव्हीबी किंवा रिअ‍ॅक्सएफएफकडे वळा, आणि सुरुवातीची रचना म्हणून हाच शांत झालेला खोका द्या.