बेळगावहून मात्सुएला जाताना

किल्ला म्हटले की आपल्याकडच्या माणसाला राजहंसगडाची चढण आठवते. जपानमधील मात्सुएला निघताना मात्र बेळगावचा भुईकोट आणि त्याचा खंदक डोळ्यांसमोर ठेवावा, कारण शिंजी तलावाच्या काठचे हे गाव बुटक्या टेकडीवरच्या किल्ल्याभोवती पाणी खेळवून वसवलेले आहे.

प्रथम व्हिसाचे पाहू. सीमाभागातील कुटुंबांची ये-जा कोल्हापूर-पुण्याकडे अधिक असल्याने अर्ज मुंबईत करावा असे अनेकांना वाटते. परंतु तो कोठे करायचा हे राहत्या पत्त्यावर ठरते, त्यामुळे आपले काम बंगळूरलाच होते. (मन कोणत्या राज्यात आहे, यासाठी अर्जात रकाना नसतो.) टोकियोहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने ओकायामाला उतरून ‘याकुमो’ गाडी धरल्यास पुढे अडीच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. टोकियोहून रात्री दहाच्या सुमारास सुटणारी ‘सनराइज इझुमो’ ही शयनगाडी सकाळी थेट मात्सुएला पोहोचवते, मात्र तिचे आरक्षण महिनाभर आधी खुले होताच करावे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ चांगला. ‘डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ अशी त्या भागात म्हणच आहे. बेळगावकराला ती समजावून सांगावी लागणार नाही.

किल्ल्याचा मुख्य बुरूजवाडा 1611 मध्ये पूर्ण झाला. जपानमध्ये मूळ स्वरूपात टिकलेले असे बाराच वाडे आहेत आणि हा त्यांपैकी एक. मेइजी राजवटीत 1875 मध्ये तो मोडीत निघण्याच्या बेतात असताना एक सधन शेतकरी आणि एक माजी सामुराई यांनी 180 येन भरून तो वाचवला. आत जाताना बूट काढावे लागतात, म्हणून मोजे धड असलेले घालावेत. जिने आपल्या जुन्या वाड्यांतल्यासारखे उभे असून मोज्यांवर पाय घसरतो. गुडघे दुखणाऱ्यांनी कठडा सोडू नये. तळमजल्यावरची विहीर पाहिल्याशिवाय वर जाऊ नये, कारण वेढा पडल्यावर आतल्या शिबंदीला पाणी कसे मिळणार, या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळते.

माझ्या मते, पर्यटक सर्वांत मोठी चूक येथे करतात, ती म्हणजे बुरूजवाडा पाहून परत फिरण्याची. खरा किल्ला गावाच्या रस्त्यांत आहे. किल्ल्यालगत सामुराईंची वस्ती, त्यापलीकडे व्यापारी पेठा आणि कडेला देवळांची रांग, अशी मांडणी पायी फिरताना अजूनही ओळखता येते. काही चौकांत रस्ता सरळ पुढे न जाता बगल देऊन वळतो. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना ज्याने पाहिली आहे, त्याला चालून येणाऱ्याची नजर अडवण्याचा हा डाव लगेच कळेल. शिओमी नावाते या खंदकाकाठच्या रस्त्यावर 1733 च्या आगीनंतर बांधलेले मध्यम दर्जाच्या सामुराईचे घर आहे. त्यात पाहुण्यांच्या खोल्यांचे लाकूड आणि घरच्यांच्या खोल्यांचे लाकूड एकमेकांशी ताडून पाहावे: सोप्यावरचा थाट माजघरात पोहोचत नाही, हे तेथेही तसेच होते.

खंदकातून सुमारे पन्नास मिनिटांची होडीफेरी निघते. ठेंगण्या पुलांखाली होडीचे छतच खाली येते आणि सर्वांना गुडघ्यांत मान घालून वाकावे लागते, त्यामुळे पाठीचे दुखणे असल्यास आधीच विचार करावा.

शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: इझुमो सोबा या शेवयांत मांस दिसत नसले, तरी त्यांवर ओतायच्या रश्शात सुक्या माशाचा अर्क असतो. म्हणून सोबत शेंगदाण्याची चटणी असावी आणि दुकानात साधा भात मागावा. चहाबाबत अशी अडचण सहसा येत नाही. मात्सुए संस्थानाचे सातवे अधिपती मात्सुदाइरा फुमाई चहाचे मोठे जाणकार होते आणि त्यांच्या आवडीने 1779 मध्ये बांधलेले मेइमेइ-आन हे गवती छपराचे चहागृह किल्ल्याजवळच आहे. तेथे मिठाई आधी खाऊन मग कडसर हिरवा चहा घ्यायचा असतो. कुंद्याची सवय असलेल्या जिभेला ती मिठाई अळणी वाटेल, पण चहाचा घोट घेतल्यावर तिचे प्रमाण कळते.

संध्याकाळ तलावाकाठी राखून ठेवावी. तेथील शिमाने कलासंग्रहालय मार्च ते सप्टेंबर या काळात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होते, म्हणून त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ सकाळीच विचारून घ्यावी.