बाबांचं कार्ड आणि चुन्याची डबी

नुसत्या काळ्या पट्टीची एटीएम कार्डं बदलून चिपची घ्यायला रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत दिली होती. बाबांचं चिपचं कार्ड त्याआधीच परभणीला आलं, पण पैसे काही निघेनात. तीन एटीएम पालथी घातली. मग लक्षात आलं, बाबा जुन्या सवयीनं कार्ड घालून लगेच उपसत होते. पट्टी ओढताना वाचली जाते. चिपचं मशीनशी बोलणं व्यवहार संपेपर्यंत चालतं, तोवर कार्ड आतच हवं.

तरी खताच्या दुकानातलं मशीन घेईना! बघतो तर खिशातल्या डबीचा चुना चिपच्या सोनेरी चौकोनावर वाळून बसलेला. चष्म्याच्या फडक्यानं हळूच पुसला, बाबांनी पिन टाकला, बिल भागलं. डबी आता दुसऱ्या खिशात. निदान मी घरी असेपर्यंत तरी.