तोंडाचा कर्करोग वेळेत कसा ओळखावा

तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही, आणि घात होतो तो तिथेच. दुखेपर्यंत थांबू नका. महिन्यातून एकदा तोंड स्वतः तपासा. तंबाखू, सुपारी, दारू यांपैकी काही घेत असाल किंवा पूर्वी घेत होता, तर हे चुकवूच नका.

हात धुवा, चूळ भरा, कवळी असेल तर काढा. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च पुरे. आधी ओठ उलटून पाहा. मग गाल बाहेर ओढून त्याची आतली बाजू आणि हिरड्या, शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत. मान मागे टाकून टाळू पाहा.

जिभेला मात्र जास्त वेळ द्या. कोरड्या रुमालाने टोक धरून ती दोन्ही बाजूंना ओढा आणि कडा पार मागपर्यंत पाहा. नंतर जीभ टाळूला लावून तिच्याखाली पाहा. जिभेची कड आणि तिच्याखालची जागा ही या रोगाची नेहमीची ठिकाणं, पण आपली नजर तिथे जातच नाही. बोटाने चाचपाही; कडकपणा डोळ्याआधी बोटाला कळतो. शेवटी जबड्याखाली आणि मानेत गाठ लागते का ते पाहा.

पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा जास्त धोक्याचा), कडा कडक असलेली जखम, विनाकारण हलणारा दात, ओठ किंवा जिभेला बधिरपणा यांपैकी काही दिसलं, तर तारीख लिहून ठेवा. तोंडात एकावर एक तीन बोटं उभी जात नसतील, तरी दाखवा.

साधं तोंड आलं तर ते दोन आठवड्यांत बरं होतं. त्यापुढे टिकलेली जखम किंवा चट्टा दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवाच. नुसती मलमं लावत बसू नका.

पक्कं निदान बायोप्सीनेच होतं: जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही भीती खोटी आहे. तिच्यापायी लोक मोलाचे महिने गमावतात, याचं फार वाईट वाटतं. कर्करोग निघालाच, तर तो किती खोल आणि कुठवर गेलाय हे सीटी किंवा एमआरआयवरून ठरवतात.

रिपोर्टमध्ये कर्करोग नसला तरी चट्टा तसाच राहिला असेल, तर पुढच्या तपासणीची तारीख घेऊनच घरी या. असे काही चट्टे पुढे कित्येक वर्षांनीही बदलतात.