सस्पेन्शन घरी उतरवताना या चुका टाळा

सस्पेन्शनचे भाग उतरवणे फारसे अवघड नसते. पाना धरता येणारा कोणीही ते करू शकतो. मात्र बसवल्यानंतर होणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा गाडी उचलण्यापूर्वी न घेतलेल्या मापात असते आणि उतावळा नवशिक्या नेमके तेवढेच वगळतो.

लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळणे ही चूक मी स्वतः सलग दोनदा केली आहे. आर्मच्या सांध्यातले नवे रबरी बुश बसवून काही महिने होतात न होतात तोच खड्ड्यात चाक गेले की खटखट ऐकू येऊ लागली. मी सुट्या भागांच्या दर्जाला नावे ठेवली, दुसरा जोड आणला, तशाच पद्धतीने बसवला आणि तोही तसाच फाटला. दोन्ही जोड शेजारी ठेवल्यावर रबर एकाच दिशेने चिरलेले दिसले, तेव्हा कुठे दोष माझ्याकडे असल्याचे उमगले. अशा बुशमध्ये रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेले असते आणि बोल्ट आवळताच ती नळी जागच्या जागी जखडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली झाला की रबराला पीळ बसतो. चाक खाली लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर टेकल्यापासून ते रबर उभ्या जागीही पिळलेलेच राहते.

म्हणून गाडी सपाट जागी उभी असतानाच मी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतो आणि ते चिकटपट्टीवर लिहून तिथेच लावतो. शेवटी आर्मखाली जॅक देऊन ते अंतर पुन्हा जुळवतो आणि मगच बोल्ट पूर्ण आवळतो. मात्र जॅक देताना गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली, तर तिथेच थांबावे.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. स्ट्रटच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या शॉकअपच्या, माथ्यावरचा मधला नट स्प्रिंगला रोखून धरत असतो. स्ट्रट गाडीतून काढण्यासाठी त्याच्या भोवतीचे नट सोडायचे असतात. मधल्या नटाला स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबून वरची बैठक सैल झाल्याशिवाय पूर्ण सोडू नये. कॉम्प्रेसरच्या ऐवजी दोरी, साखळी किंवा तारेने काम भागवण्याच्या युक्त्या सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्यापासून दूर उभा राहतो. कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावून त्यांचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवावेत आणि स्प्रिंगच्या टोकाच्या रेषेत तोंड आणू नये.

केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये, याबाबत चर्चेला जागा नाही.

बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा गोळीचा सांधा, सोडवताना दुतोंडी पाचर ठोकली की रबरी टोपण फाटते, त्यामुळे तो भाग पुन्हा वापरायचा असेल तर पाचर टाळावी. मी नट दोन-तीन आटे ठेवून सैल करतो आणि पिन ज्या डोळ्यात बसलेली असते त्याच्या कडेला हातोड्याने दणके देतो. नट राहिल्यामुळे आर्म एकदम खाली उसळत नाही. स्टॅबिलायझर लिंक, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्याची कडी, निघत नसेल, तर बळ लावण्याआधी दोन्ही बाजूंची चाके उचललेली आहेत का हे पाहावे, कारण एकच बाजू उचलल्यास दांड्याला पीळ राहतो.

स्ट्रट सुटताच नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, आतला सांधा निसटू शकतो, म्हणून नकल आधीच तारेने बांधून ठेवावा. कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, ब्रेकच्या नळीवर टांगून ठेवू नये. एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, वायर क्लिपमधून सोडून घ्यावी.

नकलच्या बोल्टची मूळ जागा रंगाच्या रेघेने खुणावून ठेवली, तर गाडी अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याच्या, जागेपर्यंत धड चालवत नेता येते. अलाइनमेंट मात्र तरीही करावेच लागते.