बाजारच्या बिअरची चव कळायची तर आधी दोन बॅच घरी काढा

घरी बिअर बनवायला लागलं की बाजारची आवडेनाशी होते, असं सर्रास सांगतात. पहिल्या तीन-चार बॅचपर्यंत ते खरंही असतं. मग कधीतरी फिकी लागर (थंडाव्यात संथ आंबवलेली बिअर) बनवायला घेतली जाते, ती हमखास बिघडते, आणि ज्या कॅनला आजवर 'पाणचट' म्हणून नाक मुरडलं त्याची किंमत कळायला लागते. हा फेरा ठरवून, सहा महिन्यांत पुरा करता येतो. त्याला एक पेल एल (खोलीच्या तापमानाला आंबणारी बिअर), एक तांदळाची लागर आणि एक वही लागते.

कायद्याचं आधी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे आणि घरची बिअरही त्यात येते. तेव्हा पातेलं चढवायचा भाग अमेरिका, ब्रिटनकडच्या मंडळींसाठी. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत करमुक्त बनवता येते, विकता येत नाही. ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी चाखण्याचे प्रयोग करावेत. त्यांना पातेलं लागत नाही.

सुरुवात वहीने

बनवण्याआधी तीन बिअर आणा: नेहमीची कॅनमधली लागर, हिरव्या बाटलीतली एखादी लागर आणि एक पेल एल. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे १० अंशांच्या आसपास येतील. बर्फगार बिअरमध्ये दोष लपतात, गुणही लपतात. प्रत्येकीबद्दल चार ओळी लिहा: वास, गोडी, कडूपणा आणि गिळल्यानंतर मागे काय राहतं. 'छान', 'स्मूद', 'कडक' हे शब्द वापरायचे नाहीत. नाक आधी लावा, घोट नंतर. फेस बसला की अर्धा वास गेलेला असतो. तारीख घालून पान मिटून ठेवा.

पहिली बॅच: २० लिटर पेल एल

पेल एल माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) ४.२ किलो, मध्यम रंगाचा क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम, कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) ८० ग्रॅम, यूएस-०५ यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट. पाणी एकूण ३० लिटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, म्हणून ते मारणारी कॅम्पडेन गोळी अर्धी चुरून आधी त्यात ढवळा. हे टाळलं की क्लोरीन आणि फिनॉल मिळून डेटॉलसारखा वास धरतो. साम्य उगाच नाही, डेटॉलमधला मुख्य घटकही क्लोरीनयुक्त फिनॉलच आहे.

१३ लिटर पाण्यात भरडलेला माल्ट ६६ अंशांवर तासभर ठेवा. हा आकडा जिभेला थेट कळतो. ६४ अंशांवर ठेवलं तर बिअर कोरडी, हलकी होते; ६९ वर ठेवलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअर अंगाने भरते. उरलेलं पाणी ७५ अंशांवर आणून माल्ट धुऊन घ्या. मग तासभर खळखळून उकळा, झाकण न लावता. हॉप्स उकळी फुटताच ३० ग्रॅम, शेवटची पंधरा मिनिटं राहिली की २०, आणि गॅस बंद करताना ३०. पहिले कडूपणा देतात, शेवटचे वास.

अर्ध्या तासाच्या आत २० अंशांपर्यंत थंड करा. इथून पुढे वर्टला, म्हणजे न आंबलेल्या गोड पाण्याला, लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. त्यासाठी स्टारसॅन हे जंतुनाशक लिटरला दीड मिली पुरतं. हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत घनता मोजणारी नळी) १.०४८ च्या जवळ दाखवेल. यीस्ट घालून १८-१९ अंशांत दोन आठवडे ठेवा. खोली २५ अंशांवर गेली तर जड अल्कोहोलं तयार होतात आणि घशाला थिनरसारखी झळ लागते. नवशिक्याची बॅच बिघडते ती बहुधा इथेच, पाककृतीत नव्हे. लागोपाठ तीन दिवस १.०१० च्या आसपासचा तोच आकडा आला तरच १२० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून त्यात मिसळा आणि बाटल्या भरा. घाई केली तर बाटल्या फुटतात, काचा उडतात. दोन-तीन आठवड्यांत साधारण ५ टक्के अल्कोहोलची बिअर तयार.

हायड्रोमीटर हातात आहे तर बाजारच्या बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात का, हा जुना वाद मिटवून टाका. बिअरची बाटली पाण्याच्या पेल्यात उपडी धरली की खाली दाट धार उतरताना दिसते आणि टेबलावरचा एकजण ठासून सांगतो, 'बघ, ग्लिसरीन!' घरची, काहीही न घातलेली बिअर तशीच धरून पाहा. धार उतरतेच. १.०१० म्हणजे बिअर पाण्यापेक्षा एक टक्का जड. ती खाली जाते, पाणी वर चढतं, एवढीच गंमत. बाकी लिटरमागे एक-दोन ग्रॅम ग्लिसरॉल यीस्ट आपणहून बनवतंच, आपल्याही बिअरमध्ये.

मुद्दाम बिघडवा

दोषांची नावं पाठ करून चव येत नाही. चांगली बिअर आणि तिचीच बिघडवलेली जोडी शेजारी ठेवून हुंगावी लागते. पुढचे पहिले दोन प्रयोग विकतच्या पेल एलवरही होतात.

ऊन. एकच बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओता, एक कडक उन्हात वीस मिनिटं, दुसरा झाकून सावलीत. उन्हातल्याला जळक्या रबराकडे झुकणारा, गांजाची आठवण करून देणारा वास येतो. अमेरिकेतली मंडळी त्याला स्कंकचा वास म्हणतात. उजेडाने हॉप्समधले कडू घटक फुटून गंधकाचं एक संयुग तयार होतं. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारच थोडा, पांढरी जवळजवळ नाहीच. हा वास नाकात बसला की वहीतल्या हिरव्या बाटलीकडे परत जा. पुष्कळांना 'इंपोर्टेड चव' म्हणून आवडलेली गोष्ट ही असते. मिलर हाय लाइफ पांढऱ्या बाटलीत असूनही टिकते, कारण तिच्यात हॉप्सचा उजेडाला न बधणारा प्रक्रिया केलेला अर्क वापरतात.

हवा. एका बाटलीतली पाव बिअर ओतून पुन्हा बूच बसवा आणि तीन आठवडे घरातल्या सर्वांत उबदार कोपऱ्यात ठेवा. हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा वास मावळतो; त्या जागी आधी शिळ्या मधाचा आणि पुढे ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

लोणी. हा प्रयोग आंबणाऱ्या बॅचवरच होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी १००-१०० मिलीचे दोन नमुने काढा. एक झाकून ६०-६५ अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग दोन्ही थंड करून हुंगा. गरम केलेल्यातून लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास आला तर डायअसेटिल (लोण्याच्या वासाचं रसायन) बनवणारा कच्चा माल बिअरमध्ये अजून आहे; यीस्टला आणखी दोन-तीन दिवस द्या. याच नमुन्यात हिरव्या सफरचंदाचा करकरीत वास आला तर ते असिटाल्डिहाइड नावाचं रसायन, तेही कच्चेपणाचंच लक्षण. दोषाला मात्र घराणं असतं. पिल्झनर उर्केल ही चेक प्रजासत्ताकातल्या प्ल्झेन शहराची १८४२ पासूनची लागर. तिच्यात लोण्याची पुसट छटा चालते. हाच वास तुमच्या पेल एलमध्ये चालत नाही.

दुसरी बॅच: ज्या बिअरला हसत होतात ती

पिल्सनर माल्ट ३.४ किलो आणि जाडे पोहे ८०० ग्रॅम. होय, किराणा दुकानातलेच. कच्च्या तांदळाचा स्टार्च मॅशच्या (माल्ट गरम पाण्यात ठेवण्याच्या) तापमानाला नीट फुलत नाही, तो वेगळा शिजवावा लागतो. पोहे बनतानाच शिजलेले असतात, म्हणून थेट माल्टबरोबर टाकता येतात. बडवायझरच्या लेबलवरही तांदूळ लिहिलेला असतो. तांदळामुळे बिअर फिकी, कोरडी, हलकी होते. 'स्वस्तातली भेसळ' हे त्याचं अर्धवट वर्णन आहे.

मॅश ६५ अंशांवर. उकळी दीड तास आणि झाकण उघडं, कारण पिल्सनर माल्टमधून डीएमएस हे गंधकाचं संयुग निघतं आणि ते वाफेबरोबर जायला हवं. राहिलं तर उकडलेल्या मक्याचा, कोबीचा वास येतो. कडूपणा १०-१२ आयबीयूच (आयबीयू हे कडूपणाचं माप) ठेवायचा: कॅस्केड १५ ग्रॅम, उकळीचा शेवटचा तास राहिला असताना, बस्स. यीस्ट डब्ल्यू-३४/७०, दोन पाकिटं. १२ अंशांवर आंबवा, हायड्रोमीटरचा आकडा शेवटाकडे येऊ लागला की तीन दिवस १७ वर न्या म्हणजे यीस्ट लोणी खाऊन टाकतं, मग १-२ अंशांवर किमान चार आठवडे. फ्रिजला तापमान नियंत्रक लावल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

एवढं करूनही पहिल्या खेपेला मका, लोणी, सफरचंद यांपैकी काहीतरी राहतंच. पेल एलमध्ये ८० ग्रॅम हॉप्स बरंच काही झाकून घेतात. इथे झाकायला काही नाही. कारखान्यातली लागर अंगाने पातळ असेल, पण लाखो लिटर सारखी आणि स्वच्छ निघते. ते कसब तुमच्या पोह्यांच्या लागरशेजारी ठेवल्यावर कळतं.

स्वतःच्या नाकावर भरवसा नको

घरच्या बिअरची सवय झाली की तिचा दोष जाणवेनासा होतो, जसा आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही. आपली लागर आणि साधारण तशीच विकतची लागर घ्या. दुसऱ्या कुणाला तरी तीन अपारदर्शक पेले भरायला सांगा: दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, तापमान सारखं. वेगळा पेला ओळखायचा. सहा फेऱ्यांत पाच बरोबर आले तर फरक खरंच कळतोय. नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता शंभरात दोन. चार आले तर अजून काही सिद्ध झालेलं नाही. पुष्कळांची 'घरचीच भारी' इथे गळून पडते. फेरीला घोटभरच ओता, नाहीतर सहावी फेरी कामाची राहत नाही.

दुसरी खोड हॉप्सची. सतत आयपीए (भरपूर हॉप्सची कडू एल) बनवून-पिऊन जीभ कडूला निबर होते आणि १० आयबीयूची बिअर रिकामी लागते. महिनाभर हॉप्स कमी करा, उतार पडतो.

खरेदीत काय बदलतं

ब्रँडआधी बिअर बनल्याचा महिना वाचायची सवय लागते. धंद्यात एक ठोकताळा आहे: ३२ अंशांतले तीन दिवस, २२ अंशांतले ३० दिवस आणि ३ अंशांतले ३०० दिवस बिअरला सारखंच म्हातारं करतात. मे महिन्यात नागपूरच्या गोदामात पडलेल्या पेटीचा हिशेब यावरून मांडा. म्हणून हॉप्सवाली बिअर ताजी आणि कॅनमधली घ्यावी. बाटलीच हवी तर तपकिरी, आणि उघड्या शेल्फच्या पुढच्या रांगेतली नको.

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत हेफेवाइझन (गव्हाची जर्मन बिअर) मागवली आणि केळं-लवंगेचा वास आला तर परत करू नका, ते त्या यीस्टचंच देणं आहे. व्हिनेगरची आंबट चुणूक किंवा लोणी आलं तर नळ आणि पाइप धुतलेत का, असं विचारायला हरकत नाही. ग्लास मागवण्याआधी घोटभर चाखायला मागावी, बहुतेक ठिकाणी देतात.

सहा महिन्यांनी त्याच तीन बिअर आणा आणि जुनं पान न उघडता नव्या पानावर चार-चार ओळी लिहा. मगच दोन्ही पानं शेजारी ठेवा.